‘इन्शुरन्स आहे ना?’ या प्रश्नाची किंमत

गाडीचा बंपर ठोकला गेला की गॅरेजवाला पहिला प्रश्न कुठला विचारतो, आठवतंय? ‘क्लेममध्ये करायचंय की कॅश?’ तुम्ही ‘क्लेम’ म्हणालात की त्याचा आवाजच बदलतो. मग बंपर नुसता ठोकून सरळ करायचा नसतो, बदलायचा असतो. ‘हेडलाइटपण घेऊन टाकू त्यातच,’ असं तो म्हणतो आणि आपणही मान डोलावतो. पैसे आपल्या खिशातून जाणार नसतात ना!

आजचा पेपर नेमका या संवादावर आहे. तो मी आत्ता का वाचला, ते आधी सांगते.

माझा मावसभाऊ डॅलसच्या उत्तरेला राहतो. टेक्सासचा तो भाग गारपिटीसाठी प्रसिद्ध आहे. गेल्या वसंतात एका संध्याकाळी तिथे लिंबाएवढ्या गारा पडल्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याच्या दारावर चार कंत्राटदार येऊन गेले. चौथा त्याला पटला. गोड बोलणारा, छपरावर स्वतः चढणारा, फोटो काढून दाखवणारा. त्यानं टॅबलेटवर सही घेतली, ‘फक्त तपासणीसाठी’ म्हणून. त्या रात्री व्हिडिओ कॉलवर दादा खुशीत होता. ‘अगं, फुकटात नवं छप्पर मिळतंय. डिडक्टिबलसुद्धा तोच बघून घेणारे.’ मावशी मागून म्हणाली, ‘तिकडे सगळं कसं सिस्टिममध्ये असतं बघ!’

मला ‘तोच बघून घेणारे’ हे शब्द खटकले. का खटकले ते नीट सांगायला मला दोन दिवस लागले आणि हा लेख त्या दोन दिवसांतल्या वाचनातून आला आहे.

पेपर काय म्हणतो

रुडॉल्फ केर्शबामर, डॅनियल नॉयरुरर आणि मथियास सुटर या तिघांचा हा पेपर २०१६ मध्ये ‘प्रोसीडिंग्ज ऑफ द नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेस’मध्ये आला. प्रयोग ऑस्ट्रियात झाला. कल्पना इतकी साधी, की आपल्याला का सुचली नाही असं वाटावं. कॉम्प्युटरमध्ये मुद्दाम एक ठरावीक बिघाड करायचा आणि तो दुरुस्तीच्या दुकानात न्यायचा. बिघाड संशोधकांनीच केलेला, त्यामुळे खरी दुरुस्ती किती आणि तिचा खर्च किती, हे त्यांना आधीच पक्कं माहीत. काही दुकानांत नुसतं ‘दुरुस्त करून द्या’ म्हणायचं. बाकीच्यांत दुकानदाराला एवढंच कळू द्यायचं, की बिल विमा कंपनी भरून देणार आहे.

बाकी सगळं सारखं. निकाल असा, की विम्याचा उल्लेख झाला तिथे सरासरी बिल ८० टक्क्यांहून जास्त वाढलं. म्हणजे १०० रुपयांचं काम १८० च्या वर गेलं. ही वाढ मुख्यतः दोन गोष्टींतून आली: गरज नसलेले पार्ट बदलले गेले आणि केलं त्यापेक्षा जास्त तासांचं काम लावलं गेलं.

यातल्या सुटर आणि केर्शबामर यांनी लुकास बालाफुटास यांच्याबरोबर अथेन्सच्या टॅक्सींमध्येही असाच प्रयोग केला होता. काही प्रवासी बसतानाच सांगायचे, की भाडं आमची कंपनी देणार आहे. अशा प्रवाशांकडून वाजवीपेक्षा जास्त भाडं घेतलं जाण्याची शक्यता सुमारे १७ टक्क्यांनी वाढली. या प्रकाराला ते ‘सेकंड-डिग्री मोरल हॅझर्ड’ म्हणतात. साध्या मराठीत, पैसे तिसरा देणार असेल तर गिऱ्हाईक सैल होतं आणि गिऱ्हाईक सैल होणार हे ओळखून दुकानदार त्याच्याही पुढे जातो.

मला हा पेपर आवडतो. प्रश्न एक, बदल एक, मोजमाप एक. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या कुणालाही हेवा वाटेल असा तो स्वच्छ आहे. पण गारपीट, चक्रीवादळ, पूर यांनंतर घरमालकांची जी फसवणूक होते तिला हाच निकाल जसाच्या तसा लावायचा म्हटलं, की तीन ठिकाणी अडायला होतं. ती तीन ठिकाणं सांगण्याआधी छपराचं गणित बघू.

छपराचं गणित

काही वस्तूंचा दर्जा आपल्याला घेण्याआधी कळतो, काहींचा वापरल्यावर. तिसरा प्रकार असा, की वापरूनसुद्धा कळत नाही. डॉक्टरनं सांगितलेली तपासणी खरंच लागत होती का? गाडीचा गॅस्केट खरंच गेला होता का? मायकेल डार्बी आणि एडी कार्नी यांनी १९७३ मध्ये या प्रकाराला ‘क्रेडेन्स गुड्स’ असं नाव दिलं. मी त्याला ‘भरवशाचा माल’ म्हणते. भरवशाच्या म्हशीला टोणगा होतो हे आपल्याला त्यांच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे, पण निदान टोणगा झालेला दिसतो तरी. छपराच्या बाबतीत तेही दिसत नाही.

अमेरिकेतल्या बहुतेक घरांवर डांबरी शिंगल असतात, कौलांसारख्या एकावर एक बसवलेल्या चपट्या पट्ट्या. गार लागली की शिंगलवरची खडी निघते आणि गोल वण उठतो. विमा कंपनीचा माणूस, म्हणजे ॲडजस्टर, शिडी लावून वर चढतो, दहा फूट बाय दहा फुटांचा चौकोन आखतो आणि त्यात असे वण मोजतो. खालून घरमालकाला यातलं काहीही दिसत नाही. लबाड कंत्राटदार काय करतात हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. हातोडीनं किंवा नाण्यानं असे वण पाडता येतात. आणि त्या वेळी घरमालक खाली अंगणात उभा असतो.

आता डिडक्टिबल. दाव्यातला जो पहिला हिस्सा घरमालकानं स्वतः सोसायचा, तो डिडक्टिबल. आपल्या गाडीच्या विम्यातही तो असतो, पण तिथे रक्कम छोटी असते. टेक्सासमध्ये वारा आणि गारपिटीसाठी तो बहुधा घराच्या विमा रकमेच्या टक्क्यात असतो, १ टक्का, २ टक्के असा. ४ लाख डॉलरच्या विम्यावर २ टक्के म्हणजे ८ हजार डॉलर.

समजा छपराचं प्रामाणिक बिल २० हजार डॉलर आहे. घसाऱ्याचा हिशोब तूर्त बाजूला ठेवू. विमा कंपनी १२ हजार देणार, ८ हजार मालकाचे. कंत्राटदार म्हणतो, ‘तुमचे ८ हजार मी बघून घेतो.’ हे शक्य कसं होतं? दोनच वाटा आहेत. एक, २० हजारांचं काम तो १२ हजारांत उरकतो. म्हणजे आतला थर हलका, जुन्या शिंगलवरच नव्या ठोकलेल्या, मजुरांची मजुरी बुडवलेली. दुसरी, तो बिलच २८ हजारांचं करतो आणि त्यासाठी न झालेलं नुकसान दाखवतो. म्हणजे मालक एकतर कच्च्या छपराखाली राहतो, नाहीतर खोट्या दाव्यावर सही करतो. ‘फुकट’ या शब्दाच्या आत एवढंच असतं.

म्हणूनच टेक्सासनं २०१९ मध्ये कायदा कडक केला. कंत्राटदारानं डिडक्टिबल माफ करणं, परत करणं किंवा स्वतः सोसणं हा गुन्हा आहे. विमा कंपनी मालकाकडे ‘तुमचा हिस्सा तुम्ही भरल्याचा पुरावा दाखवा’ असं म्हणू शकते आणि तो मिळेपर्यंत घसाऱ्यापोटी राखून ठेवलेली रक्कम अडवू शकते. जाणूनबुजून साथ देणारा मालकही यात अडकू शकतो.

पहिली अडचण: ‘तीन कोटेशन घ्या’

आपत्तीनंतर लोकांनी फसू नये म्हणून सरकारी खाती, विमा संघटना, ग्राहक संस्था याद्या काढतात. अनोळखी माणसाला दारात सही देऊ नका. पूर्ण पैसे आगाऊ देऊ नका. तीन कोटेशन घ्या. ओळखपत्र बघा. सल्ला चुकीचा नाही. पण वरचा पेपर हातात घेऊन ही यादी वाचली, तर ‘तीन कोटेशन घ्या’ यातली हवाच निघून जाते.

तीन कोटेशनं उपयोगी कधी पडतात? तिघांचे अंदाज एकमेकांपासून स्वतंत्र असतील तेव्हा. मोजमापाचं शास्त्र शिकलेल्याला हे वेगळं सांगायला नको. तिन्ही उपकरणांत एकच दोष असेल, तर तीनदा मोजून सरासरी काढल्यानं दोष जात नाही, उलट चुकीच्या आकड्यावर आपला विश्वास बसतो. गारपिटीनंतर तिन्ही कंत्राटदारांना माहीत असतं, की विमा आहे. गल्लीतल्या प्रत्येक घराला आहे. त्यात मालकानं विमा कंपनीचा अंदाजपत्रकाचा कागद दाखवला, की तिन्ही कोटेशनं त्या आकड्याला जाऊन चिकटतात. हा निष्कर्ष पेपरमध्ये लिहिलेला नाही, तो मी काढते आहे. पण ज्या बाजारात ‘विमा आहे’ एवढ्या एका माहितीनं बिल ८० टक्के फुगतं, तिथे ती माहिती असलेल्या तिघांची तुलना करून फुगवटा कसा सापडेल, याचं उत्तर यादी करणाऱ्यांनी द्यायला हवं.

पेपरची स्वतःची मर्यादाही इथेच दिसते. त्यातली दुकानं रोज उघडणारी होती. शहरात त्यांचं नाव होतं आणि गिऱ्हाइकाला घाई नव्हती. तिथे ८० टक्के. आपत्तीत यातलं काहीच उरत नाही. वादळामागे फिरणारे, इंग्रजीत ज्यांना ‘स्टॉर्म चेसर’ म्हणतात ते कंत्राटदार पुढच्या महिन्यात दुसऱ्या राज्यात असतात. टेक्सासमध्ये तर छपराचं काम करायला राज्याचा परवानाही लागत नाही. मालकाच्या डोक्यावर ताडपत्री फडफडत असते आणि पुढच्या पावसाची तारीख दिसत असते. शांत बाजारातला आकडा अशा बाजाराला लावायचा तर तो फार तर तळ धरता येईल, छत नाही.

दुसरी अडचण: नुकसान कुणाचं मोजलं?

पेपर मोजतो ते बिल. बिल विमा कंपनी भरते. म्हणजे या प्रयोगात फसवलं गेलेलं गिऱ्हाईक प्रत्यक्षात काहीच गमावत नाही. कॉम्प्युटर चालू झाला, पैसे दुसऱ्यानं दिले, घरी गेला.

घरमालकाचं तसं नसतं. त्याचं नुकसान बिलाच्या फुगवट्यात नसतं. अर्धवट सोडलेलं काम, घेऊन पळालेली आगाऊ रक्कम, मालवाल्याचे पैसे थकल्यामुळे घरावर चढलेला बोजा, खोटेपणा आढळला म्हणून फेटाळलेला पूर्ण दावा, पुढच्या वर्षी वाढलेला हप्ता, हे त्याचं नुकसान. यातली एकही गोष्ट सरासरी बिलाच्या आकड्यात दिसत नाही.

हा फरक महत्त्वाचा का? ‘विम्यातली फसवणूक’ हा एकच शब्द आपण दोन वेगळ्या गुन्ह्यांना वापरतो. एकात कंत्राटदार आणि मालक मिळून कंपनीला लुबाडतात. दुसऱ्यात कंत्राटदार मालकाला लुबाडतो. माझ्या दादाच्या दारातला माणूस पहिल्याचं आमिष दाखवून दुसरा करू शकत होता. पण आकडे बहुतेक पहिल्याचेच गोळा होतात, कारण ते गोळा करणारी यंत्रणा कंपन्यांकडे असते. मग कायदेही पहिल्यासाठीच होतात.

फ्लोरिडा हे याचं ठसठशीत उदाहरण आहे. तिथे घरमालक आपल्या दाव्याचे सगळे हक्क एका सहीनं कंत्राटदाराच्या नावे करू शकायचा. याला ‘असाइनमेंट ऑफ बेनिफिट्स’ म्हणायचे. रात्री पाइप फुटला, पाणी उपसायला माणूस आला, त्यानं कागद पुढे केला, सही झाली. त्या क्षणापासून विमा कंपनीशी भांडणारा मालक नव्हे, तो कंत्राटदार. शिवाय तिथे जुना नियम होता, की कंपनी खटला हरली तर समोरच्या वकिलाचे पैसे तिनं द्यायचे, पण उलट बाजू हरली तर तिनं कंपनीचे द्यायचे नाहीत. या दोन्हींची सांगड घालून काही कंत्राटदारांनी आणि वकिलांनी खटल्यांचा धंदाच उभा केला.

राज्याच्या विमा नियामकानं २०२१ मध्ये एक आकडा मांडला, जो नंतर सगळीकडे फिरला. २०१९ मध्ये देशभरातल्या घरविम्याच्या दाव्यांपैकी सुमारे ८ टक्के दावे फ्लोरिडात होते, पण खटल्यांपैकी ७६ टक्क्यांहून जास्त एकट्या फ्लोरिडात. आकडा धक्कादायक आहे, वादच नाही. पण तो काय मोजतो? खटल्यांची संख्या. त्यातले खोटे किती आणि कंपनीनं खरा दावा नाकारला म्हणून झालेले किती, हे तो सांगत नाही. तरीही डिसेंबर २०२२ च्या विशेष अधिवेशनात, इयन चक्रीवादळ होऊन तीन महिनेही झाले नसताना, राज्यानं दोन्ही गोष्टी काढून टाकल्या. नव्या पॉलिसींसाठी हक्क नावे करणं बंद आणि वकिलाच्या फीचा एकतर्फी नियमही बंद.

पहिली गोष्ट मला पटते. दावा मालकाचा आहे, तो त्याच्याच हातात राहिला पाहिजे. दुसरी गोष्ट पटत नाही. कंपनीनं खरा दावा चुकीनं नाकारला, तर एकटा मालक आता कशाच्या जोरावर कोर्टात जाणार? लबाड कंत्राटदाराच्या हातातली काठी काढून घेताना सरकारनं मालकाच्या हातातलीही काढून घेतली आणि या सगळ्याला नाव दिलं सुधारणा.

तिसरी अडचण: अप्रामाणिक कोण?

पेपरच्या शीर्षकात ‘विक्रेत्यांचा अप्रामाणिकपणा’ असा शब्द आहे. वाचताना आपल्या डोळ्यांसमोर गॅरेजवाला, कंत्राटदार असेच लोक येतात. पण पेपरचं तर्कशास्त्र माणसाच्या धंद्याबद्दल काही म्हणत नाही. ते म्हणतं, पैसे तिसरा देणार असेल आणि तपासणारं कुणी नसेल, तर आकडा फुगतो. मग त्या जागी विमा कंपनीच उभी असेल तर?

अशी केस प्रत्यक्षात झालेली आहे. अमेरिकेत वाऱ्यानं झालेलं नुकसान घरविमा भरतो आणि पुराचं नुकसान बहुधा केंद्र सरकारचा पूरविमा कार्यक्रम भरतो. पण तो पूरविमा विकण्याचं आणि त्याचे दावे ठरवण्याचं काम अनेकदा खासगी कंपन्याच करतात. ऑगस्ट २००५ मध्ये कॅटरिना आलं. घर पडलं, पण ते वाऱ्यानं पडलं की पाण्यानं? वारा म्हटलं तर पैसे कंपनीचे, पाणी म्हटलं तर सरकारचे. आणि ठरवणार कोण? तीच कंपनी.

दाव्यांचं काम करणाऱ्या रिग्जबी नावाच्या दोन बहिणींनी स्टेट फार्म कंपनीविरुद्ध तक्रार केली, की वाऱ्याचं नुकसान पुराच्या खात्यावर ढकललं जातंय. २०१३ मध्ये मिसिसिपीतल्या ज्यूरीनं एका घराच्या बाबतीत कंपनीनं सरकारपुढे खोटा दावा केल्याचं मान्य केलं. कंपनी पुढे सुप्रीम कोर्टात गेली. तिथला प्रश्न कार्यपद्धतीचा होता, तक्रार सीलबंद ठेवण्याचा नियम मोडला म्हणून खटलाच रद्द व्हावा का, हा. डिसेंबर २०१६ मध्ये कोर्टानं एकमतानं ‘नाही’ म्हटलं आणि निकाल टिकला.

एका घराच्या निकालावरून सगळ्या कंपन्यांना चोर ठरवता येत नाही आणि मला ते करायचंही नाही. पण ऑस्ट्रियातला कॉम्प्युटर दुरुस्त करणारा आणि मिसिसिपीतली विमा कंपनी यांच्या जागा सारख्या आहेत, एवढं तरी दिसतं ना? पेपरनं हा दोष ‘विक्रेत्यां’च्या माथी मारला, तिथे तो आपल्याच निष्कर्षापेक्षा थोडा लहान झाला. दोष जागेचा आहे. त्या जागेवर जो बसेल त्याला मोह होतो.

मग मालकाला वाचवतं काय?

दोष जागेचा असेल तर इलाजही जागेवरच करायला हवा. मालकाला ‘सावध राहा’ म्हणणं म्हणजे प्रयोगातल्या गिऱ्हाइकाला हुशार व्हायला सांगणं. त्याला छपरावरचं दिसत नाही, तो हुशार होऊन काय करणार? पेपरमधून खऱ्या अर्थानं तीन गोष्टी निघतात आणि तिन्ही कुठे ना कुठे कायद्यात आलेल्या आहेत.

पहिली, नुकसान ठरवणारा आणि दुरुस्ती करणारा वेगळा हवा. टेक्सासमध्ये छपराचा कंत्राटदार त्याच घराच्या दाव्याची बोलणी मालकाच्या वतीनं करू शकत नाही. २०१३ पासून हा नियम आहे. स्टोनवॉटर नावाच्या रूफिंग कंपनीनं त्याला भाषणस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर आव्हान दिलं होतं. जून २०२४ मध्ये टेक्सासच्या सुप्रीम कोर्टानं ते फेटाळलं. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं, की इथे बोलण्यावर बंदी नाही, एकाच व्यवहारात दोन टोप्या घालण्यावर आहे. आपल्याकडे गाडीच्या क्लेममध्ये ‘सर्व्हेअर येईपर्यंत हात लावू नका’ असं गॅरेजवाला सांगतो, त्यामागे हेच तत्त्व आहे. बघणारा वेगळा, करणारा वेगळा.

दुसरी, पैसा कामाच्या मागून चालला पाहिजे. टेक्सासमध्ये २०११ पासून आपत्तीनंतरच्या कामांसाठी असा नियम आहे, की बाहेरचा कंत्राटदार काम सुरू करण्याआधी पैसे मागू शकत नाही आणि नंतरही झालेल्या कामाच्या प्रमाणातच मागू शकतो. त्या जिल्ह्यात किंवा शेजारच्या जिल्ह्यात ज्याचा निदान एक वर्ष धंदा आहे, त्याला यातून सूट आहे. मला हा नियम फार शहाणा वाटतो. ‘हा माणूस चांगला की वाईट’ हे ठरवण्याचं ओझं तो मालकावर टाकत नाही. ज्याच्याकडे गमावण्यासारखं नाव नाही, त्याच्या हातात आधी पैसा जाऊ देत नाही, बस.

तिसरी, मालकाचा स्वतःचा हिस्सा खरोखर भरला गेला पाहिजे. ऐकायला हे कंपनीच्या बाजूचं वाटतं. मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण विचार करा, डिडक्टिबल हा या सगळ्या व्यवहारात मालकाच्या हातात असलेला एकमेव काटा आहे. स्वतःचे ८ हजार जाणार असतील तर तो शिंगलचं पाकीट उघडून बघतो, मजुरांना प्रश्न विचारतो, बिल ओळीओळीनं वाचतो. ‘तुमचे पैसे मी बघतो’ म्हणणारा माणूस पैसे वाचवत नसतो, तो तुमचे डोळे विकत घेत असतो.

चौथी गोष्ट पेपरमधून निघत नाही, पण हाताशी असावी. अमेरिकेत केंद्राचा जुना नियम आहे, की घरी येऊन केलेली विक्री तीन कामकाजाच्या दिवसांत रद्द करता येते. पण मालकानं स्वतः तातडीच्या दुरुस्तीसाठी बोलावलं असेल आणि हा हक्क सोडल्याचं लिहून दिलं असेल, तर तो लागू होत नाही. आपत्तीत नेमकं हेच घडण्याची शक्यता सगळ्यांत जास्त. नियम करणाऱ्यांना ताडपत्रीखालची रात्र माहीत नसावी.

दादाचं छप्पर

दादानं टॅबलेटवर जे सही केलं होतं त्याची प्रत मी मागवली. ‘तपासणी’चा उल्लेख पहिल्या ओळीत होता. चौथ्या परिच्छेदात लिहिलं होतं, की विमा कंपनीनं दावा मंजूर केला तर काम याच कंत्राटदाराला दिलं जाईल. तिसरा दिवस चालू होता. मी त्याला वरचं २० आणि १२ हजारांचं गणित पाठवलं. पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. मग आलं, ‘म्हणजे चोरी मी करणार होतो?’ त्यानं त्या रात्री रद्द केल्याचा ईमेल पाठवला. छप्पर अडीच महिन्यांनी दुसऱ्याकडून झालं, स्वतःचा हिस्सा भरून. तेवढे दिवस ताडपत्री होती, आणि अजूनही मी फोन केला की तो एकदा तरी म्हणतो, ‘तुझ्या पेपरपायी माझे ८ हजार गेले.’

मावशीनं मला विचारलं, ‘पण तो माणूस खरंच लबाड होता का गं?’ मला सांगता आलं नाही. कदाचित त्यानं काम चोख केलं असतं. भरवशाच्या मालाचा हा सगळ्यांत वाईट भाग आहे, की न फसलेल्यालाही आपण वाचलो की उगाच घाबरलो हे कधी कळत नाही. म्हणूनच माणसाची पारख करून हा प्रश्न सुटत नाही आणि म्हणूनच मला व्यवहाराची मांडणी बदलणारे नियम सावधगिरीच्या याद्यांपेक्षा जास्त भरवशाचे वाटतात.

तुमचं कुणी तिकडे असेल, तर गारपिटीच्या बातमीनंतर त्यांना हा लेख पाठवण्याऐवजी एक साधा फोन करा आणि दोनच प्रश्न विचारा. नुकसान कुणी बघितलं आणि काम कोण करणार? आणि तुझा हिस्सा कोण भरणार? पहिल्या प्रश्नाला एकच नाव आलं, किंवा दुसऱ्याला ‘तोच बघून घेणारे’ असं उत्तर आलं, तर सही केलेला कागद मागवून घ्या. आणि आधी किती दिवस झाले ते मोजा.